बेगडाच्या गाडीतला माणूस

१

पिंपळगाव राजातले लोक सांगतात, की हिंमतरावच्या हातचं बाशिंग बांधलेला नवरदेव कधी मांडवातून पळाला नाही. एक पळाला होता, पण त्यानं आधी बाशिंग काढून खुंटीला अडकवलं आणि मग पळाला, त्यामुळे तो धरत नाहीत.

हिंमतरावचं घराणंच बेगडाचं. बाशिंगाला, मखराला तो चमचमता, कागदाहून पातळ पत्रा लावतात ना, तो बेगड. पुढं तयार प्लास्टिकची बाशिंगं बाजारात आली, नवरदेव फेटे बांधायला लागले आणि हिंमतरावच्या बोटांना काम उरलं नाही. अशा दिवसांत त्याची अक्कलदाढ दुखायला लागली, आणि ती घेऊन तो खामगावला डॉक्टर धम्मदीप यांच्या खुर्चीत जाऊन बसला.

डॉक्टरांना एक नाद होता. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग मागवायचे आणि घासून, चिकटवून त्यांच्या वीतभर लांबीच्या मोटारी बनवायच्या. दवाखान्याच्या शोकेसमध्ये अशा गाड्यांची रांग होती. पेशंट आ करून पडले की नजर आपोआप तिकडंच. बाकी सगळं डॉक्टरांना जमायचं, पण गाडीच्या बंपरला, खिडकीच्या कडांना जी रुपेरी फॉइल लावायची असते, ती काही बसायची नाही. रंगानं तशी झळाळी येत नाही. त्यासाठी एका बाजूनं गोंद असलेली फॉइल मिळते, फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी.

"पेशंट ओरडतो तेव्हा समजतं कुठं थांबायचं," डॉक्टर म्हणाले. "ही ओरडत नाही, भाऊ. एकदम फाटते."

"हे त बेगडच हाये, साहेब," गाल सुजलेला हिंमतराव म्हणाला.

डॉक्टरांनी ते काम त्याच्याकडं दिलं, पण पहिली गाडी त्यानं चांगलीच नासवली. बाशिंगाच्या पुठ्ठ्यावर घासतात तसं जोरात घासलं आणि फॉइलच्या चिंध्या झाल्या. मग डॉक्टरांनी शेजारी बसून शिकवलं. तुकडा तळहाताखाली कोमट करायचा. चिमट्यानं टेकवून किंचित ओढायचा. कापसाच्या काडीनं मधून कडेकडे दाबत न्यायचा, आणि दाराच्या, डिकीच्या ज्या बारीक रेघा असतात, त्यांत लाकडी टोकानं फॉइल बसवायची. नवं पातं लावून उरलेलं कापायचं. "एक ध्यानात ठेवा," डॉक्टर म्हणाले, "रंग खालचं लपवतो. फॉइल खालचं वर आणते. खाली एक केस राहिला तरी वर दोरखंड दिसतो."

आता हिंमतरावच्या घराण्याची एक रीत होती. बेगडाचा पहिला तुकडा टेकवताना ज्याचं बाशिंग त्याचं नाव घ्यायचं. ओठातल्या ओठात, तुकड्यावर श्वास पडेल इतकंच. हिंमतरावचा बाप म्हणायचा, "नाव नाई घेतलं तं बाशिंग वाट पाह्यत बसते, अन् नाव चुकलं तं भलताच येऊन बसते." भलताच म्हणजे कोण, ते त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायला लागला की त्याला खोकला यायचा.

डॉक्टरांच्या गाड्यांवर हिंमतराव डॉक्टरांचंच नाव घ्यायचा. गाड्या गुमान शोकेसमध्ये जाऊन बसायच्या.

२

मग डॉक्टरांच्या डोक्यात आलं, की खामगाव म्हणजे चांदीचं गाव. आपल्याकडं एक अख्खी चांदीची गाडी पाहिजे. मागं माशाच्या परांसारखे पंख असलेली एक जुनी परदेशी गाडी त्यांनी जोडली. आत सीट बसवल्या, स्टिअरिंग बसवलं, काचा लावल्या, तळ चिकटवून बंद केला आणि हिंमतरावच्या हवाली केली. नुसत्या कडा नाही, टपापासून दारापर्यंत सगळी मढवायची.

काम सुरू करायचं त्याच सकाळी रंगरावकाका आले. भावकीत वयानं सगळ्यात मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. ओट्यालगतच्या खोलीत हिंमतराव पंखा बंद करून बसला होता, कारण पंख्याच्या वाऱ्यानं फॉइल उडते. बाहेर वैशाख नुसता भाजून काढत होता.

"हिंमत, बारा वर्सं भरून राह्यले या अवसेले," काका टेकता टेकता म्हणाले. "आता तरी शेषरावले मोकळं कर."

शेषराव हिंमतरावचा धाकटा भाऊ. ट्रकवर ड्रायव्हर होता. सरकी भरून उत्तरेकडं गेला. ट्रक एका धाब्यापाशी सापडला, चावी जागेवर, ताडपत्रीची दोरी तशीच बांधलेली. माणूस नाही. शोधायचं तेवढं शोधलं. भावकीची रीत अशी, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, आणि मग पळसाच्या पानांचा माणूस बांधून, त्याला त्याचं नाव देऊन जाळायचा. तेव्हापासून तो मेला. तेव्हापासून त्याची बायको विधवा.

"तो काय बांधेल हाये का, मोकळं कराले," हिंमतराव म्हणाला.

"अरे, माह्या नातीचं, डिंपलचं जमून नाई राह्यलं. पाहुणे येतात, पोहे खातात, अन् मंग फोनच उचलत नाईत. पत्रिका पाहणाऱ्यानं सांगतलं, तुमच्या भावकीत एक जण अधांतरी हाये."

"पोह्यात तेल कमी पडत असन," आतून हिंमतरावची बायको सरस्वतीबाई म्हणाली.

काकांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. आत शेषरावची बायको अनुपमा भाकरी थापत होती. तिच्या थापण्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

हिंमतरावला नाही म्हणता आलं असतं. पण काकांच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस त्या भावकीत अजून जन्मला नव्हता. तो "पाहू" म्हणाला. काकांनी त्याचा हो केला, गुरुजींना सांगतो म्हणाले आणि छत्री उघडून उन्हात निघून गेले.

हिंमतरावनं तुकडा तळहाताखाली धरला. डोकं जागेवर नव्हतं. तुकडा कोमट झाला, त्यानं तो टपावर टेकवला, आणि जन्मभराच्या सवयीनं ओठ हलले.

"शेषराव," तो म्हणाला.

फॉइल अशी बसली, की कापसाची काडी फिरवायचीही गरज पडली नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीच्या काचांवर धुकं होतं.

हिंमतरावनं आधी चष्मा पुसला. मग काच पुसली. धुकं बाहेरून नव्हतं, आतून होतं. समोरची काच पांढुरकी झाली होती. हिवाळ्यात पहाटेच्या एसटीच्या खिडक्या होतात तशी. आणि खोलीत पंखा बंद, दार उघडं, दारातून तव्यासारखं ऊन.

त्यानं डॉक्टरांना फोन लावला.

"अरे, ते होतंच," डॉक्टर म्हणाले. मागं कुणीतरी गुळण्या करत होतं. "मी आतल्या सीटला तो झटपट चिकटणारा गोंद वापरला. त्याची वाफ कोंडली की प्लास्टिकची काच पांढरी पडते. माझीच चूक. आता ते जायचं नाही. पुसलं तरी कायमचं."

"पुसू कसं साहेब, आतून हाये."

"राहू द्या मग. जुनी गाडी दिसेल."

हिंमतरावचा जीव भांड्यात पडला. शिकलेला माणूस आहे, गोंद त्याचा, गाडी त्याची. तो म्हणतो गोंद, तर गोंद. तो निवांत मागच्या पंखांचा पत्रा मढवत बसला. दुपारी जेवायला उठला, आल्यावर पाहिलं तर काच स्वच्छ. आत स्टिअरिंगची बारीक चकती लख्ख दिसत होती.

कायमचं ते अर्ध्या दिवसात गेलं कसं?

असेल, उन्हानं गेलं असेल. त्यानं मनाची समजूत घातली आणि काडी हातात घेतली. टपावरून काडी फिरवताना त्याचं लक्ष समोरच्या काचेवर होतं, म्हणून त्याला ते नीट दिसलं. स्टिअरिंगच्या वरच्या जागी काच पांढरी झाली. तुरीच्या दाण्याएवढा ठिपका. मग ठिपका आकसत गेला. पुन्हा आला. पुन्हा आकसला.

हिंमतरावनं आपला श्वास धरून पाहिला. ठिपका येत जात राहिला.

संध्याकाळपर्यंत काच पुन्हा भरून आली. आणि दिवा लावायच्या वेळेला सरस्वतीबाई चहा घेऊन आली तेव्हा त्या पांढरेपणात एक स्वच्छ पट्टा होता. आडवा, जरासा वाकडा. बाहीनं काच पुसल्यावर पडतो तसा.

"काऊन असे बसले?" सरस्वतीबाई म्हणाली. "उधई-वाळवी लागली का?"

"गोंद हाये," हिंमतराव म्हणाला. "डाक्टरसाहेब म्हणत होते."

४

गाडी आता थंड लागायला लागली होती. सगळीकडं नाही, फक्त जिथं फॉइल बसली होती तिथं. माठातल्या पाण्यासारखी नाही; लोखंडी पाइपाला पहाटे हात लागावा तशी, चटका देणारी.

ड्रायव्हरच्या दाराकडचा पत्रा उरला होता. हिंमतरावनं एकच सलग तुकडा कापून दारावरून पलीकडं नेला, दाबला आणि बाभळीच्या काडीच्या टोकानं दाराची रेघ उठवायला लागला. चुर्र, चुर्र. हे दार काही खरं नव्हतं. साच्यात नुसती दाराची रेघ ओढलेली, उघडायची सोय नाही. वरून खाली चुर्र, आडवं चुर्र.

तो खोकायला थांबला. आवाज थांबला नाही.

चुर्र. वरून खाली. आतून. त्यानं जिथं टोक सोडलं होतं, तिथूनच पुढं.

दाराबाहेर कडुलिंबावर कावळा कोकलत होता, शेजारच्या घरी कुणीतरी कपडे आपटत होतं. एरवी हे आवाज ऐकून माणसाला बरं वाटतं, की जग जागेवर आहे. हिंमतरावला वाटलं, उंदीर. मग वाटलं, वीतभर गाडीत उंदीर मावतो कुठं. मग वाटलं, ऊन. तापलं की प्लास्टिक करकरतं. पण गाडी तापलेली नव्हती. त्यानं बोटानं दारावर हलकेच टिचकी मारली. मारली आणि हात मागं घेतला, कारण आपण हे करायला नको होतं हे त्याला मारतानाच कळलं.

आतून टिचकी आली.

डॉक्टरांनी कामाला दिलेलं भिंग कोनाड्यात होतं. ते डोळ्याला लावून त्यानं पुसलेल्या पट्ट्यातून आत पाहिलं. स्टिअरिंग दिसलं. पुढची सीट दिसली, रिकामी. मागं काळोख होता, गाडीत मावेल त्याहून जास्त लांबवर गेलेला. आणि मागच्या सीटवर तो काळोख जरा कुशीवर वळला, थंडीत पांघरूण पुरत नसलेला माणूस झोपेत वळतो तसा.

हिंमतरावनं भिंग खाली ठेवलं, गाडीवर टोपलं पालथं घातलं आणि टोपल्यावर पाटा ठेवला.

५

पाटा जाग्यावर नाही म्हणून घरात बोंब झाली.

"आता चटणी काय डोक्यावर वाटू?" सरस्वतीबाई म्हणाली. तिनं पाटा उचलला, टोपलं उचललं, गाडीकडं पाहिलं आणि टोपलं परत ठेवलं. जाताना म्हणाली, "गाडीले घाम येऊन राह्यला."

हिंमतरावनं दिवसभर डोकं चालवलं. नाव आपण घेतलं. कोण आलं, ते आपल्याला माहीत नाही. शेषराव मेला असेल तर आपण मेलेल्या भावाला प्लास्टिकच्या गाडीत बोलावून वरून पत्रा ठोकला. आणि जिवंत असेल, तर कुठंतरी बर्फाच्या गावात तो अजून वाफ सोडतो आहे, आणि अवसेला आपण त्याला इथं जाळणार आहोत. दोन्हींतलं कोणतं बरं, हे त्याला ठरवता येईना. तिसरी गोष्ट बापाची होती, ती तर तो मनातही पुरती येऊ देत नव्हता. भलताच.

फॉइल काढून टाकावी म्हणून त्यानं चिमट्यानं टपाची कड धरली. ही फॉइल बिचारी मऊ गोंदाची, नको तेव्हा सुद्धा निघते. आता निघेना. कातडीसारखी बसली होती. त्यानं नवं पातं लावलं, टोक दाराच्या रेघेवर टेकवलं, आणि हात तिथंच राहिला.

आत कोणाला लागलं तर?

त्यानं पातं पुसून डबीत ठेवलं. अनुपमा दारात उभी होती. ती कधी आली, त्याला कळलं नव्हतं.

"दादा," ती म्हणाली, "अवसेले तुम्हीच नाव घेसान ना त्यायचं? त्या पानाच्या पुतळ्यावर?"

"मोठा भाऊ म्हणून मलेच घ्या लागते."

"मंग घ्या. पण मले पह्यले सांगजा. माह्या हातानं टिकली काढीन मी. दुसऱ्याचा हात लागू देणार नाई."

आणि ती धुणं वाळत घालायला निघून गेली. हिंमतरावला त्या बाईचं रडणं बारा वर्षांत कधी ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला वाटलं, की आपण ऐकायला कधी थांबलोच नाही.

६

अवसेला सकाळी अंगणात भावकी जमली. पळसाच्या काड्यांचे हातपाय, पानांचं अंग, वरून सुतळी. माणूस चांगला उंचापुरा बांधला होता. रंगरावकाका खुर्ची टाकून बसले होते आणि सुतळी कुठं सैल आहे ते दाखवत होते.

"डोकं लहान झालं," एक जण म्हणाला.

"त्याचं लहानच होतं," काका म्हणाले.

गुरुजींनी हिंमतरावच्या हातात पाणी दिलं. "नाव घ्या आता, मोठ्यानं."

हिंमतरावनं तोंड उघडलं. भावकी गप्प झाली. त्या शांततेत ओट्यालगतच्या खोलीतून आवाज आला. चुर्र, चुर्र. सगळ्यांना ऐकू आला, कारण सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या.

"मांजर असन," काका म्हणाले. "घे नाव."

चुर्र. मग ठक. मग घाईघाईनं ठक ठक ठक, जसं एसटीनं स्टॉप मागं टाकला की आतला माणूस पत्रा बडवतो.

हिंमतरावच्या ओंजळीतलं पाणी सांडलं. "नाव देल्लं हाये," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. "काका, ते नाव म्या आधीच देऊन बसलो. आता दुसऱ्याले देता येत नाई."

"काय बोलून राह्यला बे तू?"

काकांच्या तोंडावर नाही म्हणणारा माणूस शेवटी जन्मला होता, पण त्याच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. अनुपमा उठली होती. कपाळावर टिकली तशीच होती. ती सरळ खोलीत गेली. तिनं टोपलं बाजूला सारलं. हिंमतराव तिच्या मागं दारापर्यंत गेला, आत जायचा त्याला धीर झाला नाही. चांदीची गाडी पाटावर होती, घामानं निथळत, आणि तिच्या सगळ्या काचा पांढऱ्या होत्या. ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेवर आतून काहीतरी टेकलेलं होतं. पाच ठिपके, बारीक मोहरीएवढे. हाताची पाच बोटं टेकावीत तसे.

अनुपमानं वाकून काचेत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पदर खोचला.

"बसले का आरामात?" ती म्हणाली. "बारा वर्सं! अठी लोकं आधी माह्या टिकलीकडं पाह्यतात अन् मंग माह्याकडं. अन् तुम्ही काच पुसून मजा पाहून राह्यले? थंडी वाजते? वाजू द्या! म्या म्हणलं होतं, चादर घेऊन जा. घेतली का? ड्रायव्हर माणसाले काई होत नाई म्हणे! मोठे आले! अन् ठोकून काय राह्यले? दार तुमच्याकडून हाये. मी काय बाहेरून उघडू?"

अंगणात गुरुजींनी पोथी मिटली. ही आरडाओरड कोणत्या विधीत बसते, ते त्यांना आठवत नसावं.

"उतरा," अनुपमा म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "म्या म्हणते ना, उतरा. लय झालं."

खट् झालं. लहानसं, कोरडं. मोटारीचं दार उघडून लागतं तसं.

काचांवरचं धुकं एकदम गेलं. आत रिकामी सीट होती, स्टिअरिंग होतं, आणि सकाळचं ऊन. गेला. होता तोही गेला. आपण आत ठेवलेला श्वास या बाईनं बाहेर घालवला.

"अनुपमा," तो म्हणाला, "गेला ना तो?"

"उतरले," ती म्हणाली. तिचा चेहरा भट्टीपुढं बसल्यासारखा लाल झाला होता. "लांबून याचं हाये. टाईम लागन." ती अंगणात आली, त्या पानांच्या माणसाची सुतळी तिनं स्वतः सोडली, आणि पानं उचलून शेजारच्या बकऱ्यांपुढं टाकली. रंगरावकाका खुर्चीतून उठले ते थेट घरी गेले. बकऱ्यांनी पुतळा डोक्यापासून खायला घेतला.

७

डॉक्टरांनी गाडी उजेडात धरली आणि शिट्टी वाजवली.

"काय काम केलंय, भाऊ! पण हे दार का कापलं?"

हिंमतरावनं काहीच कापलं नव्हतं. दारावरून सलग गेलेली फॉइल रेघेरेघेनं उसवली होती, चारी बाजूंनी. डॉक्टरांनी भिंग घेतलं आणि त्यांचं हसू हळूहळू मावळलं.

"पात्यानं कापलं, की कड आत दबते," ते म्हणाले. "ही बाहेर वळलीये." त्यांनी अंगठा दारावर ठेवला आणि लगेच काढला. "आत गोंद... नाही. गोंदाचं काही नाही. नवीन पट्टी लावून देता का?"

"नाई साहेब. राहू द्या उघडंच."

डॉक्टरांनी गाडी शोकेसमध्ये न ठेवता खिडकीत ठेवली, दार रस्त्याकडं करून.

परतीची एसटी भर दुपारी पिंपळगावला पोचली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. डांबर चपलेला चिकटत होतं. हिंमतराव सावली शोधत घराच्या वळणापाशी आला आणि त्याला अनुपमाचा आवाज ऐकू आला. घरातून, भांड्यांच्या आवाजावरून वर चढलेला, दम न घेता चाललेला. काय बोलते ते लांबून कळत नव्हतं, पण ती कोणालातरी बोलत होती. आणि मध्ये मध्ये थांबत होती, समोरच्यानं उत्तर द्यावं म्हणून थांबतात तशी.

तो कडुलिंबाशी थांबला.

ओट्यावर एक माणूस बसला होता, पाठमोरा. केस पिकलेले, मान बारीक. अंगात जाड लोकरीचा स्वेटर, वर मफलर, आणि तो त्या भट्टीसारख्या दुपारी दोन्ही हात काखेत खुपसून बसला होता. शेजारी सरस्वतीबाईनं ठेवलेलं पाणी होतं. त्यानं त्याला हात लावला नव्हता.

हाच तो, हे पाठीवरून सांगता येईना. बारा वर्षांत पाठी बदलतात. हाक मारावी, तर नाव ओठावर आणायची भीती वाटत होती. एकदा आणलं तेव्हा काय झालं, ते पाहिलेलं होतं. हिंमतराव तसाच उभा राहिला, चपलेखाली डांबर वितळत असताना.

"तो स्वेटर काढा ना आता!" आतून अनुपमा ओरडली. "लोकं काय म्हणतीन?"

"काढतो ना," तो माणूस म्हणाला. "जरा ऊन खाऊ दे, बापा."

आणि त्या रखरखीत उन्हात, त्या शब्दांबरोबर, त्याच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, ओट्यावर क्षणभर तरंगली आणि विरली. तो पुढचा श्वास घ्यायला लागला तोवर हिंमतराव पळत सुटला होता, थेट ओट्याकडं.